खालचं अर्धं पान

थ्रॉसलडेन, यॉर्कशायर
३ फेब्रुवारी १९८६

प्रिय ॲडामावशी,

ख्रिसमसच्या कार्डानंतर आज लिहिते आहे, तेही काम निघालं म्हणून. रागाव, पण पुढे वाच.

आमच्या चॅपलला येत्या मे महिन्यात शंभर वर्षं होतात. व्हिटच्या सणाच्या रविवारी बँडमागून मिरवणूक, मग प्रार्थना, मग चहा आणि हॅम सँडविच. पाद्रीसाहेबांच्या डोक्यात आलंय की आम्ही अकरा बायकांनी १८८६ सालच्या वेषात चालायचं. उंच गळे, लांब घागरे, आणि मागे कंबरेखाली तो उंचवटा, घोड्यावर खोगीर ठेवावं तसा. दुकानातून भाड्याने आणायचं तर चॅपलच्या गळक्या छपराचे पैसे त्यात जातील. म्हणून मी सभेत उठून सांगितलं की माझी मावशी जन्मभर थिएटरच्या कपडेपटात होती, ती घरच्या घरी करायची युक्ती सांगेल. आता माझी लाज तुझ्या हातात.

एक गोष्ट तुलाच सांगते. पायाचा दगड ज्या बाईने बसवला, त्या संस्थापकांच्या बायकोचं काम ग्वेन प्रॉसरला दिलंय. मधोमध ती चालणार, दगडावरचे शब्द ती वाचणार, आणि पहिलं गाणंही तीच म्हणणार. विधवा आहे, वेल्सहून येऊन दोन वर्षं झाली नाहीत, शाळेच्या स्वयंपाकघरात वाढपी आहे. आवाज चांगला आहे, नाही कशाला म्हणू. पण मी तेवीस वर्षं त्या चॅपलची फुलं लावते, पडदे धुते. मला कुणी विचारलंसुद्धा नाही. वॉल्टर म्हणतो, "तुला कुठे गाता येतं?" नवऱ्याने असंच बोलायचं असतं.

तर कसा करायचा तो उंचवटा, ते सविस्तर लिही.

तुझी,
एनिड

*

मोरकम
१० फेब्रुवारी

एनिड,

काम पडल्यावर का होईना, मावशी आठवली. तुझी आईही अशीच होती. तिला मी कधी नाही म्हटलं नाही, तुलाही म्हणणार नाही.

त्या उंचवट्याला बसल म्हणतात. आम्ही आपला पिंजरा म्हणायचो. एकतीस वर्षांत असे दोनशे तरी शिवले असतील मी, पोलादी पट्ट्यांचे. तुम्हाला पोलाद नको. वॉल्टर अजून गालिच्यांच्या गोदामात आहे ना? तिथे गासड्यांना करकचून बांधलेली प्लास्टिकची पट्टी असते, ती कापून फेकूनच देतात. ती आणायला सांग. जुनी चादर प्रत्येकीच्या घरात असतेच.

चादर दुहेरी घे. कंबरेपासून गुडघ्याच्या मागच्या लवणीपर्यंत लांब, आणि मागून एका कुशीपासून दुसऱ्या कुशीपर्यंत रुंद. पुढे काही नाही, पुढून बाई सपाटच दिसायला हवी. त्या कापडावर आडवे पाच नेफे शिव, वरचे दोन कमानीसारखे, खालचे तीन सरळ. पट्टी दुहेरी करून, चिकटपट्टीने बांधून नेफ्यातून ओव. त्याआधी तिची टोकं मेणबत्तीवर धरून गोल कर, नाहीतर ऐन प्रार्थनेत ती मांडीत घुसतील आणि बाई भलतंच काहीतरी ओरडेल. वर कंबरेला नवारीचा पट्टा, पुढे बांधायचा.

आता नीट वाच. इथे मी खाली दोनदा रेघ मारते आहे. पिंजऱ्याच्या दोन्ही कडांना आतल्या बाजूने कापडाची एकेक झडप शिव. दोन्ही झडपांना काजं पाड, आणि बुटाच्या लांब नाडीने त्या एकमेकींकडे ओढून घट्ट बांध. तरच पट्ट्या वाकून गोल राहतात. गासडीची पट्टी रिळावरून येते, म्हणून आधी आपोआपच गोल दिसते आणि नवशिक्या बाईला वाटतं की नाडी कशाला हवी. तासभर चाललं, ऊब लागली, बाकावर बसलं, की ती सरळ होते आणि पिंजरा दोन्हीकडे पंखासारखा पसरतो. नाडी नाही, तर पिंजरा नाही.

बसताना बाकाच्या कडेवर, जरा एका अंगाला. ढुंगणावर सगळा भार टाकून बसायचे दिवस विसरायला सांग बायकांना.

मी बरी आहे. परवा किटली गॅसवर ठेवून फिरायला गेले आणि ती जळली. तेवढ्यावरून तुझा भाऊ क्लिफर्ड वृद्धाश्रमाची माहितीपत्रकं घेऊन आला. मी त्याला सांगितलं, नाचाच्या शाळेतल्या चाळीस पोरींचे झगे अजून मी दुरुस्त करते, माझी बोटं चालतात तोवर डोकंही चालतंय. टेलिफोन करू नकोस, मला अर्धं ऐकू येत नाही. लिही.

ॲडामावशी

*

थ्रॉसलडेन
१६ मार्च

प्रिय मावशी,

तू धन्य आहेस! वॉल्टरने दोन पोती भरून पट्ट्या आणल्या. दर मंगळवारी दुपारी नऊ जणी माझ्या पुढच्या खोलीत शिवायला बसतात. आधी मी माझा पिंजरा शिवला, तो टेबलावर ठेवलाय, आणि तो बघून बाकीच्या शिवतात. एडिथ क्रॅबट्रीने तो कुत्र्याला घालून पाहिला. आम्ही इतक्या हसलो की शेजारीण भिंतीवर ठोकायला लागली.

ग्वेन मंगळवारी येऊ शकत नाही, शाळेत भांडी घासायची असतात. तिने कागद मागितला. "तुम्ही लिहून द्या, मिसेस सग्डन, मी घरी शिवेन," म्हणाली. मग मी तुझ्या पत्रावरून तिला उतरवून दिलं. कागद घेताना इतके आभार मानले की मलाच अवघडल्यासारखं झालं.

क्लिफर्डच्या नादी लागू नकोस. किटली कुणाचीही जळते.

तुझी,
एनिड

*

थ्रॉसलडेन
२२ मे

प्रिय मावशी,

रविवार पार पडला. तू विचारशील म्हणून लिहिते. मिरवणूक छान झाली, ऊन होतं, बँड सुरात होता. पण चॅपलमध्ये एक प्रकार झाला.

ग्वेन पुढच्या बाकावर बसली होती. अर्ध्या तासाने दगडावरचे शब्द वाचायला उठली आणि तिचा पिंजरा उलगडला. दोन्ही कुशींना घागरा हातभर बाहेर आला आणि मागून पार गुडघ्यापर्यंत वर गेला. खाली तपकिरी लोकरी मोजे आणि शाळेतले रबरी तळाचे बूट. आधी पोरं हसली, मग गायकवृंद, मग वरचा सज्जा. तिने शब्द शेवटपर्यंत वाचले. गाणं म्हटलं नाही. बाजूच्या दाराने निघून गेली, चहालाही थांबली नाही.

सोमवारी शाळेतली पोरं जेवणाच्या रांगेत तिला खेकडा म्हणाली. मंगळवारपासून ती कामावरही गेलेली नाही.

काय चुकलं कुणास ठाऊक. बाकीच्यांनी माझा पिंजरा बघून शिवला होता, आणि माझा मी लहानपणी तुझ्या हाताखाली पाहिलेल्या आठवणीवर. ती एकटीच निव्वळ कागदावरून शिवत होती. आणि मी तर तुझं पत्र शब्दाला शब्द उतरवून दिलं होतं.

असो. झालं ते झालं. तू मनाला लावून घेऊ नकोस.

एनिड

*

मोरकम
२६ मे

एनिड,

तुझं पत्र तीनदा वाचलं. बसून उठल्यावर झालं ना? दोन्ही कुशींना बाहेर आला ना? मग पट्ट्यांत काही दोष नाही. तिच्या पिंजऱ्यात आतली नाडीच नव्हती. असं फक्त त्यानेच होतं.

आणि तिने कागदावरून केलं, कागद तू माझ्या पत्रावरून केलास, म्हणजे नाडीचं मी लिहिलंच नाही. मला वाटतं मी लिहिलं होतं. रेघ मारल्याचंही आठवतं. पण मी गॅस बंद केल्याचंही मला आठवत होतं.

एकतीस वर्षांत एकाही नटीचा पिंजरा रंगमंचावर सुटला नाही माझ्या हातचा. आणि आता एका परक्या गरीब बाईची चारचौघांत शोभा झाली, तीही तिने माझ्यावर विश्वास ठेवला म्हणून. मला काल जेवण गेलं नाही.

माझं ते पत्र काढ आणि बघ. नाडीचं लिहिलंय की नाही, एवढंच मला कळव. माझ्यावर दया करून खोटं लिहू नकोस.

ॲडा

*

मोरकम
९ जून

एनिड,

दोन आठवडे झाले, तुझं उत्तर नाही. मला समजलं. खरं लिहवत नाही आणि खोटं लिहू नकोस असं मीच बजावलं, म्हणून गप्प बसलीस. तुझ्या आईचा मऊ स्वभाव तुझ्यात उतरलाय.

मी मिसेस प्रॉसरना पत्र लिहून क्षमा मागितली. चॅपलच्या पत्त्यावर पाठवलं, पोहोचेल. नाचाच्या शाळेचे झगे परत केले. मिस लोमॅक्स विचारत राहिली, "पण का, ॲडा, का?" मी म्हटलं, उद्या एखाद्या पोरीचा झगा नाचता नाचता सुटला तर मी तोंड कुठे लपवू? माझी मोठी कात्री तिलाच देऊन टाकली. घरात आता तिचं काम नाही.

क्लिफर्डला हो म्हटलंय. २८ तारखेला तो मला त्या वृद्धाश्रमात नेऊन सोडेल. खिडकीतून समुद्र दिसतो म्हणे. गॅस नाहीच तिथे, चहा आणून देतात.

तू वाईट वाटून घेऊ नकोस. म्हातारपण कुणाला सांगून येत नाही, आणि मला निदान कळलं तरी.

ॲडा

*

थ्रॉसलडेन
११ जून

मावशी,

सोबत तुझं १० फेब्रुवारीचं पत्र पाठवते आहे. दुसरं पान बघ. नाडीचा परिच्छेद आहे. त्याखाली दोन रेघा आहेत, दुसरी रेघ इतकी दाबून मारलीस की कागद फाटलाय. तुझं डोकं शाबूत आहे. तू काही विसरली नाहीस.

मी तो परिच्छेद ग्वेनला उतरवून दिला नाही.

हे वाक्य मी या दोन आठवड्यांत चार वेळा लिहून फाडलं. काल तुझं पत्र आलं आणि मला आरशात बघवेना.

तिचा कागद लिहिताना नाडीपाशी आले आणि थांबले. मनात आलं, ती मधोमध चालणार, ती गाणार, आणि पिंजराही माझ्या मावशीच्या अकलेवर मिरवणार. मग मी स्वतःला सांगितलं की पान संपलं. एवढ्याने काय होतंय, जरासा घागरा ढिला पडेल, गाताना थोडी गडबडेल. तू लिहिलं होतंस ना, तासाभराने पंखासारखा पसरतो? मी ते वाचलं होतं. मला नेमकं माहीत होतं.

याहून वाईट आहे, तेही लिहिते, नाहीतर हेही अर्धंच होईल. रविवारी सकाळी संडे-स्कूलच्या खोलीत आम्ही एकमेकींना कपडे चढवत होतो. ग्वेनने माझ्या पिंजऱ्यात आत पाहिलं आणि विचारलं, "मिसेस सग्डन, तुमच्याला आतून नाड्या आहेत. माझ्याला नकोत का?" मी टाचणी तोंडात धरून म्हटलं, "तुझी अंगकाठी बारीक आहे, तुला नाही लागत." ती म्हणाली, "बरं." एवढंच.

तेव्हा दहा मिनिटं हातात होती. वॉल्टरच्या बुटाची नाडी काढून ओवली असती तरी भागलं असतं.

ती उठली तेव्हा मी बरोबर तिच्या मागच्या बाकावर होते. माझ्या अंगावर शाल होती. उठून तिच्यामागे धरली असती, तर निम्म्या लोकांना काही दिसलं नसतं. मी बसून राहिले. आणि मावशी, सगळे हसले तेव्हा मीही हसले. तोंडावर हात ठेवून, पण हसले.

नंतर तुला लिहिलं तेव्हा दोष कागदावर ढकलला, म्हणजे तुझ्यावर. वाटलं, तू दूर आहेस, तुला कुठे कोण विचारायला येणार. तुझी कात्री जाईल, तू घर सोडशील, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. मी फक्त स्वतःला झाकत होते.

२८ तारखेला तिथे जाऊ नकोस. क्लिफर्डला मी आजच पत्र टाकलंय, त्यात सगळं लिहिलंय. माफी मागायला तोंड नाही, पण मागते.

एनिड

*

मोरकम
१४ जून

एनिड,

पत्र मिळालं. दोन रेघा पाहिल्या. टेबलाशी बसून मी रडले, आणि मग इतकी चिडले की तू समोर असतीस तर मोजपट्टीनेच बडवलं असतं.

तीन आठवडे मी रोज सकाळी उठून स्वतःची परीक्षा घेत होते. आज वार कोणता, शेजारणीच्या नातवाचं नाव काय, दाराला कुलूप लावलं का. एकदा लावलं, मग परत जाऊन पाहिलं, मग परत. हे तू मला दिलंस. मी माफ केलं असं आज लिहिणार नाही, कारण अजून केलेलं नाही. झालं की कळवीन.

कात्री मात्र त्याच दुपारी परत आणली. मिस लोमॅक्सने त्या कात्रीने पुठ्ठा कापला होता, मूर्ख बाई! धार लावून घ्यावी लागली. झगेही आणलेत. क्लिफर्ड काल आला होता, माझ्यासमोर मान वर करेना. तो त्याच्या घाईपायी आणि तू तुझ्या हेव्यापायी. बहीणभाऊ शोभता.

आता दुसरं. तुझ्या पत्राच्या आदल्या दिवशी मिसेस प्रॉसरचं उत्तर आलं. तुला कळायला हवं म्हणून शब्दाला शब्द उतरवते, आणि मी उतरवते तेव्हा सगळं उतरवते:

"मिस क्लेग यांस, तुमचं पत्र वाचून मला फार वाईट वाटलं. तुम्ही स्वतःला दोष देऊ नका. कागदात सगळं होतं. मिसेस सग्डननी सगळं नीट लिहून दिलं होतं, मीच घाईत नाडीचा भाग वाचला नाही. चूक माझी आहे. पिंजरा फार हलका आणि छान झाला होता, चालताना मला खरंच मोठ्या घरच्या बाईसारखं वाटत होतं. त्याबद्दल तुमचे आभार. ग्वेन प्रॉसर."

हे आलं तेव्हा मी त्यावर विश्वास ठेवला नाही. वाटलं, म्हातारीची समजूत काढतेय. आता कळतं की समजूत माझी काढली आणि झाकलं तुला.

मला पुन्हा पत्र लिहिण्याआधी तिच्या दारात जा.

ॲडा

*

थ्रॉसलडेन
१९ जून

मावशी,

गेले.

काल चारच्या सुमाराला गेले, भर उजेडात, म्हणजे रस्त्यावरच्या सगळ्यांना दिसेन. दार उघडून ती म्हणाली, "या, मिसेस सग्डन." चहा ठेवला नाही. मी स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसले आणि सगळं सांगितलं. नाडीचं, टाचणी तोंडात धरून बोलले त्याचं, शालीचं. हसल्याचंही. ती हात पुसत उभी होती, हात कधीच कोरडे झाले होते.

माझं संपल्यावर ती म्हणाली, "मला माहीत होतं."

मी विचारलं, कधीपासून?

"त्याच रविवारी, घरी आल्यावर. तुमचा कागद काढून बघितला."

"मग माझ्या मावशीला का लिहिलंस की चूक तुझी?"

"त्यांनी मला कधी पाहिलेलंही नाही, आणि माफी मागत होत्या. त्यांना खरं कसं सांगू? ते सांगायचं तुमचं होतं." मग म्हणाली, "मी वाट बघत होते, तुम्ही याल म्हणून. पहिला आठवडा तर रोज बघितली."

मावशी, ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

मी म्हटलं, येत्या रविवारी प्रार्थनेनंतर मी उठून सगळ्यांसमोर सांगते. ती म्हणाली, "हो, सांगा. जिथे हसले तिथेच सांगा." बरं झालं, नको वगैरे म्हणाली नाही. सांगणार आहे. एडिथ क्रॅबट्री आणि मंगळवारच्या बायकांना आज सांगितलं, तर दोघी उठून गेल्या. वॉल्टरने ऐकून घेतलं आणि बागेत जाऊन बसला. सोमवारपासून ग्वेन शाळेत परत जातेय. खेकडा म्हणणाऱ्या पोरांसाठी मला काही करता येईल का, असं मी विचारलं, तर म्हणाली, "पोरांचं मी बघते."

पिंजरा तिने फेकला नव्हता. जिन्याखालच्या फडताळातून काढून टेबलावर ठेवला. किती नेटका शिवलाय! तुझ्यासारखे बारीक टाके, पट्ट्यांची टोकंसुद्धा मेणबत्तीवर गोल केलेली. मी झडपांचं कापड आणि वॉल्टरच्या बुटाच्या नव्या नाड्या नेल्या होत्या. म्हटलं, मी आत्ता इथे बसून शिवून देते.

ती म्हणाली, "शिवणं मला येतं. तुम्ही लिहा."

आणि टेबलाच्या खणातून माझा तो कागद काढून माझ्यापुढे ठेवला. वर माझं ठसठशीत अक्षर, नवारीच्या पट्ट्यापर्यंत. आणि त्याखाली अर्धं पान कोरं. तुला लिहिलं होतं ना की पान संपलं असं मी स्वतःला सांगितलं? तुला कबुली देतानाही मला तसंच वाटत होतं. मी ते इतक्यांदा घोकलं होतं की मला खरंच पान भरलेलं आठवत होतं.

तिने पेन दिलं. तुझा परिच्छेद मला पाठ झालाय, सुरुवातीपासून शेवटपर्यंत लिहिला. झडपा, काजं, बुटाची नाडी, तासाभराने काय होतं ते. दोन रेघा मारल्या. ती माझ्या खांद्यामागे उभी राहून प्रत्येक ओळ वाचत होती. सगळं लिहून झालं तरी खाली चार बोटं जागा उरली.

एनिड